शॅगबार्क हिकरी: झाड ओळखण्यापासून वाटीभर गर काढण्यापर्यंत

घटस्थापना जवळ आली की ओहायोत आमच्या घरामागच्या रानात टपटप सुरू होते. वारा नसला तरी फळं पडत राहतात आणि खालच्या पाचोळ्यावर प्रत्येकाचा वेगळा आवाज येतो. इथे आल्यावर पहिली तीन वर्षं मी तो आवाज नुसता ऐकला. ती फळं खारींची, असं धरून चालले. चौथ्या वर्षी शेजारच्या आजींनी दोन फळं दगडावर फोडली आणि गर माझ्या तळहातावर ठेवला. चव अक्रोडाच्या जवळची, पण अक्रोडाचा तो घशाशी राहणारा तुरटपणा मुळीच नाही. त्याजागी लोण्यासारखा गोडवा. तिथेच उभ्याउभ्या मी आणखी आठ-दहा फळं फोडून घेतली आणि तीन वर्षं हे आपल्या पायाखाली होतं, याची फार हळहळ वाटली.

हे झाड शॅगबार्क हिकरीचं. अमेरिकेचा पूर्वेकडचा अर्धा भाग, कॅनडात ऑन्टारिओ आणि क्वेबेकचा दक्षिण भाग, शिवाय मेक्सिकोच्या पूर्वेकडच्या डोंगरांत थोडं, असं याचं मूळ घर. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, इलिनॉय, टोरांटोच्या खालचा पट्टा या सगळ्या ठिकाणी आता भरपूर मराठी घरं आहेत, आणि बहुतेकांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत कुठेतरी हे झाड उभं असतं. याचं फळ सहसा दुकानात मिळत नाही. कवच जाड, गर वळणावळणात अडकलेला, यंत्राने अख्खा निघत नाही. याच कुळातल्या पिकॅनचं कवच पातळ, म्हणून बाजार पिकॅनने घेतला. त्यामुळे हिकरी खायची तर झाडाची ओळख स्वतःच करून घ्यावी लागते. मला ती करून घ्यायला बरीच वर्षं लागली. तुम्हाला एका हंगामात व्हावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी नावं

शास्त्रीय नाव कारिया ओवाटा. कारिया हा अक्रोडासाठीचा जुना ग्रीक शब्द आणि ओवाटा म्हणजे अंडाकृती. अक्रोड आणि हिकरी एकाच घराण्यातले, इतके जवळचे की 1768 साली फिलिप मिलरने याचं नाव अक्रोडाच्याच प्रजातीत घातलं होतं. जुन्या अमेरिकन पुस्तकांत ‘हिकोरिया ओवाटा’ असं लिहिलेलं सापडलं तर तेही हेच झाड.

हिकरी हा शब्द मात्र ग्रीकही नाही आणि इंग्रजीही नाही. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर राहणारे पॉहॅटन लोक ही फळं कवचासकट कुटून, पाण्यात कालवून, गाळून एक दुधट पेय करत. त्याचं नाव ‘पॉकोहिकोरा’च्या जवळपासचं काहीतरी होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या इंग्रजांनी ते ऐकलं, पुढचे-मागचे तुकडे गाळले आणि उरलेला शब्द झाडाला चिकटवला. म्हणजे झाडाचं नाव मुळात एका खाद्यपदार्थाचं नाव आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

बोलीभाषेतल्या नावांत एक गोंधळ मात्र लक्षात ठेवा. शॅगबार्कला काही भागांत लोक ‘स्केलीबार्क’ म्हणतात, तर कुठे ‘शेलबार्क’. पण शेलबार्क नावाची एक वेगळी जात आहे, कारिया लॅसिनिओसा. तिची फळं मोठी, तीही खायला उत्तम. त्यामुळे गावकऱ्याने शेलबार्क म्हटलं तर वाद घालू नका, झाड बघा. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्याकडे हे झाडच नाही. आमच्या घरात मुलं त्याला ‘फाटक्या सालीचं झाड’ म्हणतात, आणि इंग्रजी नावाचा अर्थही जवळपास तोच.

पहिली पायरी: झाड ओळखणं

थंडीत शिका. पानं गळलेली असतात तेव्हा शंभर पावलांवरून हे झाड उठून दिसतं. खोडाची करडी साल लांब लांब पट्ट्यांत सुटते. प्रत्येक पट्टा मधे खोडाला चिकटलेला आणि वर-खाली दोन्ही टोकांना बाहेर वळलेला. जुन्या वाड्याच्या लाकडी फळ्या ऊन-पावसाने वाकून खिळ्यापासून सुटाव्यात, तसं ते दिसतं. मात्र तरण्या झाडाची साल गुळगुळीत असते; दोन-तीन दशकं उलटल्याशिवाय ती अशी फाटत नाही. त्यामुळे सालीवरून फक्त मोठी झाडं ओळखता येतात. आणि फळंही मोठ्याच झाडाला धरतात, म्हणून वेचणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. भरपूर फळ यायला चाळीसएक वर्षं जातात. त्यानंतर दोनशे वर्षं ते देत राहतं.

उन्हाळ्यात पान बघा. एका देठावर बहुधा पाच पानं असतात, क्वचित सात. टोकाचं सगळ्यात मोठं, त्याखालची जोडी तेवढ्याच तोलाची, आणि देठाजवळची जोडी लहान. फांदीवर हे देठ समोरासमोर फुटत नाहीत. एक इकडे, एक तिकडे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इथे रानात अ‍ॅश नावाचं झाड आहे, त्याचीही पानं अशीच दिसतात, पण ती समोरासमोर. भिंग असेल तर पानाच्या कडेचे दाते पाहा: दात्यांच्या टोकांशी केसांचे बारीक झुबके असतात. ही खूण सापडली की शंकाच उरत नाही.

वसंतात, एप्रिल-मेच्या सुमारास, एकदा मुद्दाम जा. शेंड्याची कळी मोठी, बोराएवढी. ती उमलते तेव्हा तिची आतली खवलं पाकळ्यांसारखी उलटी वळतात, हिरवट-गुलाबी, आणि त्यातून नवी पानं मुठीसारखी वर येतात. लांबून झाडाला कमळं लागल्यासारखी वाटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच फुलं समजले होते.

भाऊबंदही ओळखून ठेवा. बिटरनट हिकरीची कळी गंधकासारखी पिवळी असते. तिची फळं इतकी कडू की एक चावलं तर दिवसभर तोंड कडू राहतं. पिगनटचं फळ नासपतीसारखं देठाकडे निमुळतं, बाहेरची साल पातळ, ती अर्धवटच उकलते. गर कधी बरा, कधी कडवट. मॉकरनटचा गर गोड, पण कवच फारच जाड. यातलं कुठलंही विषारी नाही, चुकलात तर फक्त मेहनत वाया जाते. विषारी झाड वेगळं आहे, आणि त्याबद्दल मला सावकाश सांगायचं आहे.

दुसरी पायरी: बकाय वेगळा काढणं

ओहायोचा राज्यवृक्ष बकाय. त्याचंही फळ शरद ऋतूतच पडतं, त्याचंही बाहेरचं टरफल उकलतं, त्याच्याही पानात पाच दलं. आणि ते विषारी आहे, माणसालाही आणि गुरांनाही. नव्या माणसाने गफलत करावी अशी सगळी लक्षणं जुळतात, म्हणून हा फरक पाठ करा.

पान: बकायची पाचही दलं एकाच बिंदूतून फुटतात, हाताच्या बोटांसारखी, आपल्या काटेसावरीचं किंवा सातवीणीचं पान आठवा. हिकरीची दलं देठावर जोडीजोडीने, कडुनिंबाच्या पानासारखी, फक्त संख्येने थोडी.

फळ: बकायचं बी गर्द तपकिरी, पॉलिश केल्यासारखं चकचकीत, आणि त्यावर फिकट रंगाचा एक मोठा डाग, हरणाच्या डोळ्यासारखा. त्याची साल चाकूने कापली जाते. हिकरीचं टरफल जाड असतं आणि ते वरून थेट देठापर्यंत चार सारख्या फाकांत सुटतं. आत फिकट, जवळजवळ हस्तिदंती रंगाचं, थोडं चपटं, चार कंगोऱ्यांचं लाकडासारखं टणक कवच. चाकू त्यावर नुसता घसरतो.

मुलांना बरोबर नेत असाल तर दोन्ही फळं एकदा शेजारीशेजारी ठेवून दाखवा. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. आणि एक: घरात कुणाला अक्रोड किंवा पिकॅनची अ‍ॅलर्जी असेल तर हिकरी त्याच घराण्यातली आहे, त्या माणसाला एक कणही देऊ नका.

तिसरी पायरी: वेचायला जाणं

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. अगदी आधी पडलेली फळं घेण्यात अर्थ नाही, ती बहुधा किडलेली असतात. चांगला बहर दरवर्षी येत नाही. एक वर्ष झाड ओथंबतं, मग एक-दोन वर्षं हात आखडतं. बहराचं वर्ष सापडलं तर सुट्टी काढून जा.

जागा कुणाची, ते आधी पाहा. सार्वजनिक उद्यानांत प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. कुठे घरच्यापुरतं वेचायला परवानगी असते, कुठे एकही फळ उचलायचं नसतं. उद्यानाच्या कार्यालयात विचारलं की सांगतात. खासगी जागेत दार वाजवून विचारा. माझा अनुभव असा की जुने शेतकरी आनंदाने हो म्हणतात, कारण घरातली वेचणारी माणसं आता राहिली नाहीत. परत जाताना त्यांना डबाभर गर नेऊन द्या. पुढच्या वर्षी तेच फोन करतात.

पायांत बूट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या अंगाची नीट तपासणी. गोचीड इथली खरी काळजी आहे, तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. शिकारीचा हंगामही याच दिवसांत असतो, म्हणून नारिंगी जाकीट घाला. आणि खोडावर केसाळ वेल चढलेली असेल, तिला बेलासारखी त्रिदळी पानं असतील, तर हात मागे घ्या. ती पॉइझन आयव्ही. तिच्या स्पर्शाने अंगावर फोड उठतात आणि आठवडा-दोन आठवडे जात नाहीत. आपल्या मनात त्रिदळाबद्दल जी माया असते ती इथे बाजूला ठेवावी लागते.

झाड हलवू नका, काठीने झोडपू नका. जमिनीवरचंच घ्या, आणि टरफल तिथेच सोलून टाका, म्हणजे ओझं निम्मं होतं. एका झाडाखालची सगळी फळं कधीच उचलू नका.

चौथी पायरी: निवडणं आणि वाळवणं

हिकरीचा मोठा शत्रू सोंडकिडा. फळात गर भरू लागला की मादी लांब सोंडेने भोक पाडून आत अंडी घालते. अळी आतला गर खाते, कवचाला गोल भोक पाडते, बाहेर पडून जमिनीत शिरते. असं भोक असलेलं फळ सरळ फेकून द्या. ज्यात अळी अजून आत आहे, ते बाहेरून कळत नाही. त्यासाठी बादलीभर पाणी.

सोललेली ताजी फळं त्याच दिवशी पाण्यात टाका. बुडाली ती ठेवायची, तरंगली ती काढायची. आपल्याकडे पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून हलकं वेगळं काढतात, तोच हा प्रकार. मात्र हे ताज्या फळांवरच करा. दोन आठवडे वाळलेलं चांगलं फळही तरंगू शकतं.

मग वाळवण. जाळीच्या ट्रेवर किंवा जुन्या खिडकीच्या जाळीवर एका थरात पसरा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. गॅरेज चालतं, पण खारी आणि उंदीर येणार नाहीत याची व्यवस्था करा. मी एका वर्षी पोर्चवर एक रात्र ठेवली आणि सकाळी ट्रे रिकामा. दोन-तीन आठवड्यांत आतला गर थोडा आकसतो आणि कवचापासून सुटतो. एक फोडून बघा: गर कटकन मोडला तर तयार, वाकला तर अजून आठवडा. घटस्थापनेला वेचलेलं फळ दिवाळीच्या फराळाला अगदी वेळेवर तयार होतं.

पाचवी पायरी: फोडणं

इथेच बहुतेक जण सोडून देतात. मीही पहिल्या वर्षी अडकित्ता घेऊन बसले होते. सुपारीचा अडकित्ता यापुढे काहीच नाही, त्याचं पातं वाकलं. मग वरवंट्याने ठेचलं तर कवच आणि गर यांचा एकच चुरा झाला. हे काम शिकावं लागतं, आणि शिकल्यावर हाताला त्याची गोडी लागते.

फळ हातात घेऊन फिरवा. त्याला दोन रुंद बाजू आहेत आणि दोन अरुंद कडा. एक टोक टोकदार, दुसरं देठाकडचं. सगळी युक्ती यात आहे की फळ रुंद बाजूवर आडवं ठेवायचं नाही, अरुंद कडेवर उभं धरायचं. आडवं ठेवून घाव घातला की दाब सरळ गरावर येतो आणि तो चिरडतो. कडेवर उभं ठेवलं की कवच शिवणीशी तडकतं आणि गराच्या अर्ध्या फाकी मोकळ्या होतात.

खाली दगड किंवा लोखंड पाहिजे, लाकूड नको. लाकूड घाव गिळतं. शेजारच्या आजी जुनी बिडाची इस्त्री उलटी करून दोन गुडघ्यांत धरतात, तिच्या सपाट पाठीवर फळ उभं करतात आणि लहान हातोडीने देठाकडच्या बाजूला एकच घाव घालतात. त्यांच्या घरात असंच करत आले आहेत. घाव जोरात नाही, नेमका. त्यांचा हातोडा चार बोटांपेक्षा जास्त उंच उठत नाही. कवच ‘टक्’ असं कोरडं वाजतं, आणि त्या आवाजावरूनच त्या सांगतात की फाक अख्खी निघाली की मोडली. मी पाटा वापरते आणि पाट्यावर एक फडकं ठेवते, म्हणजे तुकडे उडत नाहीत. डोळ्यांना चष्मा हवाच. कवचाचे तुकडे काचेसारखे टोकदार असतात.

आता गर कवचाच्या खोबणीत अडकलेला असेल तर ओरबाडू नका. तारा कापायची पक्कड घ्या आणि कवचाची धार दोन ठिकाणी कापा. फाक आपोआप सुटते. बारीक उरलेलं दाभणाने किंवा सुईने.

सुरुवातीला तासाभरात वाटीच्या तळाला लागेल एवढाच गर निघेल. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत वाटी भरते. वाळलेल्या किलोभर फळांतून मला पाव किलोच्या आसपास गर मिळतो. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे काम परकं वाटणार नाही. तिथे तर बिब्ब्याच्या तेलाने हात भाजतात. इथे फक्त धीर लागतो. आम्ही शनिवारी रात्री चौघं टेबलाभोवती बसतो. फोनला हात लागत नाही, कारण दोन्ही हात कामात असतात.

गर काचेच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. शंभर ग्रॅममध्ये 64 ग्रॅम चरबी आहे, बाहेर ठेवला की काही आठवड्यांतच खवट होतो. न फोडलेली फळं मात्र थंड जागी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात.

स्वयंपाकघरात

अक्रोड किंवा काजू जिथे जातो तिथे हिकरी चालते. पण भाजायची असेल तर मंद आचेवर, नजर ठेवून. चरबी जास्त असल्याने ती एकदम करपते. खोबऱ्याऐवजी भाजलेल्या हिकरीचं जाडसर कूट, खजूर आणि जायफळ घालून केलेले लाडू आमच्याकडे दिवाळीला आता ठरलेले आहेत. गुळाच्या चिक्कीत ती शेंगदाण्यापेक्षा जास्त खुलते, असं माझं मत.

पण या फळाचा मूळचा पदार्थ शिकायचा तर चेरोकी या इथल्या मूळ रहिवाशांचं कनूची शिका. ते फळं फोडून किडकी वेगळी काढतात, उरलेली कवचासकट उखळात कुटतात, आणि आतल्या तेलामुळे त्या कुटाचे लाडवासारखे गोळे वळले जातात. हा गोळा गरम पाण्यात सोडून उकळायचा. कवचाचे तुकडे तळाला बसतात, दूध वर येतं. ते गाळून हॉमिनी म्हणजे मक्याच्या सोललेल्या दाण्यांत, किंवा आजकाल भातात मिसळायचं. यात गर कोरून काढायची गरजच नाही! शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे ते. 1770 च्या दशकात विल्यम बार्ट्रम हा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेकडच्या क्रीक लोकांत फिरला, तेव्हा एकेका कुटुंबाकडे शंभराहून अधिक बुशेल (एक बुशेल म्हणजे साधारण पस्तीस लिटरचं माप) हिकरीची फळं साठवलेली त्याने पाहिली. ते लोकही अशीच दुधाची साय काढून रांधत.

या जागी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याला त्याच्या सैनिकांनी 1813 मध्ये ‘ओल्ड हिकरी’ हे नाव दिलं, हिकरीसारखा चिवट म्हणून. त्याच जॅक्सनने 1830 मध्ये कायद्यावर सही करून पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपीपार हाकलण्याचा मार्ग मोकळा केला. 1838-39 मध्ये चेरोकींना त्यांच्या डोंगरांतून ओक्लाहोमाकडे चालवत नेलं, वाटेत हजारो माणसं गेली. ज्यांच्या ताटात हिकरी होती त्यांना उठवणाऱ्याच्या नावात हिकरी राहिली. ओक्लाहोमाच्या पूर्व भागातही हिकरीची झाडं आहेत. चेरोकींनी तिथेही कनूची चालू ठेवली, आजही करतात. मी घरी कनूचीचं दूध काढते तेव्हा मुलांना हे सांगते.

आमची रीत अशी: एक वाटी गर आणि कवचं मिळून झालेलं कूट, चार वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास, दोनदा मलमलीतून गाळणं. एकदा गाळून भागत नाही, कवचाची एक कच राहिली तरी दाताला लागते. त्या दुधात आंबेमोहोर भात शिजवून थोडा गूळ. वेलची घालू नका, हिकरीचा वास दबतो.

सालीचं सरबतही करतात. साल खरवडून धुवायची, ओव्हनमध्ये भाजायची, पाण्यात उकळायची आणि त्या पाण्यात साखर आटवायची. धुरकट, व्हॅनिलासारखा वास येतो. पण झाडावरची साल ओढू नका, खाली पडलेलीच घ्या. त्या सुटलेल्या सालीखाली उन्हाळ्यात वटवाघळांच्या माद्या पिल्लं घेऊन राहतात. धोक्यात असलेलं इंडियाना वटवाघूळ त्यांतलंच.

लाकूड

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. अमेरिकेत तो दांडा बहुधा हिकरीचाच. माझे आजोबा जावळीच्या खोऱ्यात कुऱ्हाडीला धामणीचा दांडा घालत, कारण धामण वाकते पण मोडत नाही. हिकरीचा मोठेपणाही तोच. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक कसोटी आहे: लोखंडी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो. सागाला साधारण 1070 पौंड, शॅगबार्कला 1880 च्या आसपास. पण नुसता कठीणपणा इतर लाकडांतही सापडतो. कठीणपणा, ताकद आणि धक्का सोसण्याची लवचीक वृत्ती हे तिन्ही एकत्र क्वचित मिळतं. म्हणून गाड्यांच्या चाकांचे आरे, हातोड्यांचे दांडे, ड्रमच्या काठ्या याच लाकडाच्या. गोल्फच्या काठ्याही हिकरीच्याच असत. ब्रिटनमध्ये 1929 साली पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली आणि मग ते युग संपलं.

दुकानात दांडा घ्यायला गेलात तर तीन गोष्टी बघा. रेषा दांड्याच्या लांबीबरोबर सरळ जायला हव्यात, मधेच बाजूला पळता कामा नयेत. टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या कड्या पात्याच्या दिशेला समांतर हव्यात, आडव्या नकोत. आणि फार बारीक, दाट कड्या असलेला, हाताला हलका लागणारा दांडा घेऊ नका. रंगाची काळजी करू नका. सालीलगतचं लाकूड पांढरं, गाभ्याचं तांबूस. लोक पांढऱ्याला जास्त पैसे देतात, पण वजन सारखं असेल तर तांबडंही तितकंच पक्कं असतं. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या लाकूड-संशोधन प्रयोगशाळेने, हे फार पूर्वीच तपासून दाखवलं आहे.

उघड्यावर मात्र हे लाकूड टिकत नाही. पाऊस आणि भुंगेरे दोन्ही त्याला लवकर खातात. कुंपणाला, गच्चीला वापरू नका.

जळण म्हणून ते उत्तम, निखारा लांब टिकतो. धुरासाठी हिकरीच्या ढलप्या किराणा दुकानातच मिळतात, मांस धुरावण्यासाठी. मी त्या भिजवून ग्रिलच्या कोळशावर टाकते आणि वर वांगी ठेवते. त्या भरताला शेणीच्या आचेवरच्या भरताची आठवण यावी इतका खोल वास लागतो. फोडलेली कवचंही यासाठी जपून ठेवा, तीही तशीच धुरतात.

रोप लावायचं असेल तर

पाण्यात बुडालेली, न वाळवलेली फळं ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवा. थंडी लागल्याशिवाय ती उगवत नाहीत. म्हणूनच पुण्यात किंवा कोकणात हे करून बघायच्या फंदात पडू नका, आणि परवान्याशिवाय बी घेऊन जाणं कायद्यातही बसत नाही. वसंतात थेट जागेवर लावा, कुंडीत नको, कारण सोटमूळ आधी खोल जातं आणि मगच शेंडा वर सरकतो. वर तारेची जाळी पक्की बसवा, नाहीतर खारी आठवड्यात उकरून नेतात.

आम्ही लावलेल्या सहांपैकी दोन उगवली. तिसऱ्या वर्षी मोठं रोप माझ्या वितीपेक्षा जरा उंच आहे. खाली मूळ दोन-तीन फूट गेलं असेल. धाकटी रोज शाळेत जाताना पानं मोजते. परवा पहिल्यांदा एका देठावर पाच भरली.